लिव्हरचा सीटी : डाय किती, किती वेगाने आणि फोटो नेमका कधी?

मागच्या अंकातल्या ट्रायफेजिक सीटीवरच्या लेखात यकृताच्या रक्तपुरवठ्याबद्दल लिहिलं होतं. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणारी शीर) आणि एक चतुर्थांश हिपॅटिक आर्टरीतून (यकृताची धमनी) मिळतं, आणि यकृताच्या कर्करोगाची गाठ मात्र जवळपास सगळी आर्टरीवरच पोसते. म्हणूनच ट्रायफेजिक सीटीत शिरेतून डाय (आयोडीन असलेलं औषध) देऊन तीन टप्प्यांत, म्हणजे फेजमध्ये, फोटो घेतात : डाय धमन्यांत असताना आर्टेरियल, पोर्टल व्हेनमधून यकृतात पसरल्यावर पोर्टल आणि तीनेक मिनिटांनी डिलेड. त्या लेखावर पुण्यातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांची सांगड घालून त्यांची उत्तरं इथे देत आहोत. एक रेडिओलॉजिस्ट आणि एक सीटी तंत्रज्ञ यांनी मिळून ती लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे १६ स्लाइसचं मशीन जाऊन १२८ स्लाइसचं आलं. प्रोटोकॉल जुनाच ठेवला : ॲओर्टात, म्हणजे मुख्य धमनीत, उजळपणा १०० एचयूला (सीटीतलं उजळपणाचं माप) पोचला की ट्रिगर आणि पुढे १० सेकंदांनी आर्टेरियल फेज. आता सर म्हणतात, फेज लवकर येतोय. चांगलं मशीन आल्यावर काम बिघडलं कसं?
— सीटी तंत्रज्ञ, हडपसर

उत्तर : मशीन वेगवान झालं म्हणूनच बिघडलं. जुन्या मशीनला पातळ कोलिमेशनवर (किरणांच्या अरुंद झोतावर) २० सेंटिमीटर यकृत पार करायला ८ ते १० सेकंद लागायचे. म्हणजे वरचा घुमटाचा भाग ट्रिगरनंतर १० सेकंदांनी, तर खालचं टोक १८-१९ सेकंदांनी टिपलं जायचं. नवीन मशीन तेच अंतर तीनेक सेकंदांत संपवतं, त्यामुळे खालचं टोकही तेराव्या सेकंदालाच उरकतं. जुन्या मशीनचा संथपणा तुमची वेळ सांभाळून घेत होता. आता तेवढे सेकंद तुम्हीच वाढवायचे : ट्रिगरनंतर १६ ते १८ सेकंद ठेवा. हा आकडा ३० सेकंदांच्या इंजेक्शनसाठी आहे. त्याची अट पुढच्या उत्तरात येईल.

फेज बरोबर आला की नाही हे घड्याळ सांगत नाही, शिरा सांगतात. आपल्याला हवा असतो तो उशिराचा आर्टेरियल फेज. त्यात हिपॅटिक आर्टरी झळझळीत दिसते, पोर्टल व्हेनमध्ये थोडी डाय उतरलेली असते आणि हिपॅटिक व्हेन्स (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) अजून भरलेल्या नसतात. प्लीहा पट्ट्यापट्ट्यांची दिसते, किडनीचं कॉर्टेक्स उजळ आणि आतलं मेड्युला गडद. पोर्टल व्हेन कोरडी असेल तर तुम्ही लवकर पोचलात, हिपॅटिक व्हेन्स भरल्या असतील तर उशिरा. लवकरचा फोटो दिसायला मोठा देखणा असतो, कारण रक्तवाहिन्या नुसत्या चमकतात. पण डाय अजून गाठीत झिरपलेली नसते, आणि दीड सेंटिमीटरची गाठ तिथेच निसटते. धमन्यांचा नकाशा काढायचा असेल तेव्हा तो फेज कामाचा, गाठ शोधायला नाही.

ट्रिगर लावताना आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमचं मशीन १०० एचयू हा प्रत्यक्ष आकडा धरतं की मूळ पातळीवरची वाढ. डाय नसलेल्या रक्ताची पातळी ४० एचयूच्या आसपास असते. म्हणजे पहिल्या पद्धतीत ६० ची वाढ झाली की ट्रिगर पडतो, दुसरीत प्रत्यक्ष आकडा १४० व्हावा लागतो. कंपनी बदलली की हे हमखास बदलतं आणि कोणी सांगत नाही. दुसरी गोष्ट केव्हीची, म्हणजे एक्स-रे नळीच्या व्होल्टेजची. १२० ऐवजी १०० केव्हीवर तीच आयोडीन साधारण चतुर्थांशाने जास्त उजळ दिसते, त्यामुळे तोच उंबरठा लवकर ओलांडला जातो. ट्रॅकिंग (डाय ॲओर्टात पोचतेय का ते पाहत राहणं) १०० केव्हीवर असेल तर उंबरठाही त्या प्रमाणात चढवा.

आरओआय (ज्या छोट्या वर्तुळातला उजळपणा मशीन मोजतं ते) डायफ्रामच्या पातळीवर ॲओर्टाच्या मधोमध ठेवा. वयस्कर रुग्णाच्या भिंतीतलं कॅल्शियम आरओआयमध्ये आलं, तर डाय पोचण्याआधीच मशीन धावतं. उलट रुग्णाने खोल श्वास घेतला आणि ॲओर्टा आरओआयच्या बाहेर सरकला, तर आलेख सपाटच राहतो. अशा वेळी पडद्यावर ॲओर्टा पांढरा दिसत असताना आकड्याची वाट पाहत बसू नका, हाताने सुरू करा.

आणि एकदा चुकलेला आर्टेरियल फेज त्याच इंजेक्शनवर परत मिळत नाही. पुढचे फेज घ्या आणि काय झालं ते रेडिओलॉजिस्टला स्पष्ट कळवा. पुन्हा डाय द्यायची की एमआरआयकडे वळायचं, ते त्यांना ठरवू द्या. गुपचूप पाठवलेली अशी तपासणी ‘गाठ दिसत नाही’ असा रिपोर्ट घेऊन परतू शकते.

प्रश्न : इंटर्नशिपला जिथे जाते तिथे प्रत्येक पेशंटला डायची १०० मिलीची अख्खी बाटली देतात. पुस्तकात वजनावर डोस आहे. खरं काय धरायचं?
— रेडिओलॉजी तंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, कर्वे रस्ता

उत्तर : पुस्तकातलं. आणि मिली मोजू नका, आयोडीन मोजा. बाटलीवरचा ३०० किंवा ३५० हा आकडा म्हणजे एका मिलीतली आयोडीन, मिलिग्रॅममध्ये. पोर्टल फेजमध्ये यकृत साध्या (डाय न देता घेतलेल्या) स्कॅनपेक्षा किमान ५० एचयूने उजळायला हवं, आणि १२० केव्हीवर त्यासाठी किलोमागे ५०० ते ६०० मिलिग्रॅम आयोडीन लागते. मधला ५५० धरून हिशेब करा. ४५ किलोच्या बाईला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे ३५० च्या डायची ७१ मिली. ६० किलोच्या माणसाला ३३ ग्रॅम, ९४ मिली. सगळ्यांना एकच बाटली दिली, तर ४५ किलोवालीला किलोमागे जवळपास ७८० मिलिग्रॅम पडते आणि ८५ किलोवाल्याला जेमतेम ४१०. पहिलीच्या किडनीवर विनाकारण भार, दुसऱ्याचं यकृत फिकट. बाटली फोडलीच आहे तर संपवू, हा विचार हिशेबनिसाचा झाला, तपासणीचा नाही.

वजन जास्त असेल तर थोडं थांबा. चरबीत रक्त कमी फिरतं, म्हणून तिच्यासाठी किलोच्या हिशेबाने आयोडीन ओतायची गरज नसते. तिथे चरबी वगळून उरणारं वजन काढतात. बायकांसाठी किलोतल्या वजनाला ०.२५२ ने आणि सेंटिमीटरमधल्या उंचीला ०.४७३ ने गुणा, बेरजेतून ४८.३ वजा करा. पुरुषांसाठी ०.४०७ आणि ०.२६७, वजा १९.२. १५५ सेंटिमीटर उंचीच्या ८५ किलोच्या बाईचं उत्तर येतं ४६ किलो. या वजनाला किलोमागे सुमारे ७०० मिलिग्रॅम धरले की ३२ ग्रॅम, म्हणजे ९२-९३ मिली. सरळ वजनाने हिशेब केला असता तर १३४ मिली गेली असती. फोनमध्ये एक तक्ता करून ठेवलात तर अर्ध्या मिनिटाचं काम. त्यासाठी वजनकाट्यावर मात्र रुग्णाला उभं करावं लागेल. नातेवाइकांनी सांगितलेलं वजन बहुधा गेल्या दिवाळीचं असतं.

आता वेग. पोर्टल फेजमधली उजळणी एकूण आयोडीनवर ठरते, तर आर्टेरियलमधली दर सेकंदाला किती आयोडीन जाते त्यावर. ३५० ची डाय सेकंदाला ४ मिली म्हणजे १.४ ग्रॅम, ३०० ची तेवढ्याच वेगाने १.२ ग्रॅम. सोपा मार्ग असा की इंजेक्शनचा कालावधी सगळ्यांसाठी ३० सेकंद कायम ठेवायचा आणि वेग त्यावरून काढायचा. ९४ मिली भागिले ३० म्हणजे सेकंदाला ३.१ मिली. ७१ मिलीला २.४. याचा खरा फायदा वेळेत आहे. ॲओर्टातली उजळणी इंजेक्शन संपता संपता शिखर गाठते. उशिराचा आर्टेरियल फेज इंजेक्शन संपल्यावर ५ ते १० सेकंदांनी येतो आणि यकृत साधारण ४० सेकंदांनी सर्वात उजळ होतं. कालावधी ३० सेकंद असेल तरच आर्टेरियल ३५-४० ला आणि पोर्टल ७० ला हे पाठ केलेले आकडे खरे ठरतात. तीच डाय ४५ सेकंदांत दिली तर पोर्टल फेज ८५ च्या आसपास जातो. ‘पोर्टल सत्तरला’ हे वाक्य कालावधी सांगितल्याशिवाय अर्धवटच आहे.

प्रश्न : आमच्या सेंटरमध्ये इंजेक्टर एका सिरिंजचा आहे, सलाईनची दुसरी सिरिंज नाही. मशीनमध्ये बोलस ट्रॅकिंगचा (डायचा माग काढण्याचा) पर्यायही घेतलेला नाही. तरी ट्रायफेजिक करावा का?
— सेंटरचालक, नारायणगाव

उत्तर : करता येईल. मागून सलाईन ढकलली नाही तर डायचा शेवटचा भाग नळीत आणि दंडाच्या शिरेत अडकून पडतो, यकृतापर्यंत पोचतच नाही. म्हणून हिशेबाच्या डोसवर १० ते १५ मिली जास्त भरा. एकाच सिरिंजमध्ये डायवर सलाईन तरंगत ठेवायचा जुना प्रकार करू नका. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि जाते पातळ डाय. कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) शक्यतो उजव्या हातात लावा. डाव्या बाजूचा रस्ता लांबचा, छातीत आडवा जाणारा.

ट्रॅकिंग नसेल तर ३० सेकंदांचं इंजेक्शन, आर्टेरियल ३७ व्या सेकंदाला, पोर्टल ७० ला आणि डिलेड १८० ला. सेकंद इंजेक्शन सुरू झाल्यापासून मोजायचे, संपल्यापासून नाही. इंजेक्टर आणि मशीन वेगवेगळ्या माणसांनी दाबायचं असेल, तर मोठ्याने ‘सुरू’ म्हणा. तरुण, धडधाकट रुग्णात एवढ्यावर भागतं. हृदयविकार असेल किंवा सिरॉसिसमध्ये छोटी गाठ शोधायची असेल, तर रुग्णाला ट्रॅकिंग असलेल्या ठिकाणी पाठवणं बरं. एक खेप वाचवून निदान हुकवण्यात त्याचा फायदा नाही.

तुमच्या पत्रात प्रेशर वाढून इंजेक्टर मंदावतो, असंही आहे. त्याची कारणं साधी असतात. हात डोक्यावर घेतल्यावर कोपर वाकतं आणि कॅन्युला मुडपते. कोपराखाली उशी द्या, हात सरळ ठेवा, मग त्याच स्थितीत २० मिली सलाईन ठरलेल्या वेगाने देऊन पाहा. दुसरं कारण थंड डाय. ३५० ची आयोहेक्सॉल २० अंशांवर जेवढी दाट असते, तिच्या साधारण निम्मी ३७ अंशांवर होते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा दहा-बारावर उतरतो आणि एसी तर बारा महिने चालूच. बाटल्या ३७ अंशांच्या वॉर्मरमध्येच ठेवा. गरम पाण्याच्या भांड्यात नको, तिथे तापमानावर ताबा राहत नाही. प्रेशरची मर्यादा गाठली की इंजेक्टर आपणहून वेग कमी करतो. ४ मिली लावलेले असताना प्रत्यक्षात २.८ जातात, ३० सेकंदांचं इंजेक्शन ४० च्या पुढे लांबतं आणि सगळ्या वेळा चुकतात. प्रत्येक तपासणीनंतर इंजेक्टरच्या पडद्यावर प्रत्यक्ष वेग किती गेला ते वाचायची सवय लावा.

प्रश्न : हृदयाचं पंपिंग ३० टक्के असलेल्या सिरॉसिसच्या रुग्णात पोर्टल फेज फिका आला. आर्टेरियल ट्रॅकिंगवर होता आणि छान होता.
— निवासी डॉक्टर, पुणे स्टेशन परिसर

उत्तर : आर्टेरियल ट्रॅकिंगवर आणि पोर्टल घड्याळावर, म्हणून असं झालं. मंद हृदयात डाय ॲओर्टात १८-२० ऐवजी ३० सेकंदांना किंवा त्याहून उशिरा पोचते. ट्रॅकिंग तेवढं थांबलं, पण पोर्टल ७० लाच बांधलेला होता. दोन फेजमधलं अंतर कमी पडलं. पोर्टलसुद्धा ट्रिगरवर टांगा, ट्रिगर अधिक ५० सेकंद. सामान्य रुग्णात तो आपोआप ७० च्या आसपास पडतो, मंद रुग्णात पुढे सरकतो. पंपिंग फार कमी असेल किंवा पोर्टल रक्तदाब वाढलेला असेल, तर आणखी १० सेकंद द्या. अशा रुग्णात ॲओर्टा उशिरा पण जास्त उजळतो, त्यामुळे आर्टेरियल छान दिसल्याने फसायला होतं.

सिरॉसिसमध्ये यकृत मुळातच कमी आणि उशिरा उजळतं. म्हणून डिलेड फेज गाळू नका. आर्टेरियलमध्ये चमकलेली गाठ नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा गडद होणं, म्हणजे वॉशआउट, आणि भोवतीचं कॅप्सूल या दोन्ही खुणा कित्येकदा ३ मिनिटांवरच नीट उमटतात. लाय-रॅड्समध्येही (यकृतातल्या गाठींच्या रिपोर्टिंगची नियमावली) उशिराचा आर्टेरियल, पोर्टल आणि डिलेड हे तिन्ही मागितले आहेत. पित्तनलिकेच्या कर्करोगाची शंका असेल तर ३ मिनिटंही अपुरी. त्यातला तंतुमय भाग सावकाश डाय धरतो, १० ते १५ मिनिटांनी एक फेरी घ्या.

प्रश्न : आर्टेरियल फेजमध्येच रुग्ण नेमका श्वास सोडतो. बाकीच्या फेजमध्ये व्यवस्थित धरतो.
— तंत्रज्ञ, सातारा रस्ता

उत्तर : त्याच क्षणी त्याच्या अंगातून गरम लाट जात असते. घशात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं आणि माणूस दचकतो. आधी सांगितलेलं असलं तर दचकत नाही. टेबलावर घेतानाच सांगा : ‘काका, औषध सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात सगळं अंग गरम होईल, लघवी झाली असं वाटेल, होत नाही. तेव्हाच श्वास धरायचाय.’

दुसरी अडचण मशीनच्या आवाजाची. कंपनीने भरलेली सूचना बऱ्याचदा इंग्रजीत किंवा हिंदीत असते, आणि मुळशी-भोरकडून आलेल्या आजीला ती कळत नाही. बहुतेक मशीनमध्ये आपला आवाज भरता येतो. मराठीत भरा, छोटं आणि ठसठशीत : ‘श्वास घ्या. धरून ठेवा.’ बोलून झाल्यावर पोट स्थिरावायला दोनेक सेकंदांची जागा ठेवा. सगळं मिळून ५-६ सेकंद होतात. ते ट्रिगरनंतरच्या १६-१८ सेकंदांतच बसवायचे, वर जोडायचे नाहीत. सूचना लांबलचक असेल तर काही मशीन ती संपेपर्यंत स्कॅन सुरूच करत नाहीत आणि वेळ नकळत पुढे जाते. खूप खोल श्वास मागू नका. प्रत्येक फेजला तो वेगळा पडतो आणि त्याच गाठीची पातळी फेजगणिक बदलते. इंजेक्शनआधी एकदा रंगीत तालीम घ्याच.

प्रश्न : केमो झालेल्या रुग्णांच्या शिरा मिळत नाहीत, निळी कॅन्युलाच बसते. केमो पोर्टमधून (केमोसाठी त्वचेखाली बसवलेल्या मार्गातून) डाय द्यावी का? आणि डाय शिरेबाहेर गेली तर आधी काय करायचं?
— परिचारिका, चिंचवड

उत्तर : पोर्टमधून फक्त तेव्हाच, जेव्हा तो प्रेशर इंजेक्शनसाठी बनवलेला असल्याची नोंद कार्डावर आहे आणि सुईही त्याच जातीची आहे. साध्या पोर्टमध्ये इंजेक्टर लावला तर नळी फुटू शकते. कार्ड नसेल तर नाही, रुग्ण कितीही खात्रीने सांगो.

निळी, म्हणजे २२ नंबर, गरम डायसह सेकंदाला २.५ ते ३ मिली घेते. गुलाबी २० नंबर ४ मिली आरामात आणि हिरवी १८ नंबर ५ मिली. निळीवर जायचंच तर ३०० ऐवजी ३७० ची डाय घ्या. २.५ मिलीला पाऊण ग्रॅमऐवजी ०.९ ग्रॅमवर आयोडीन जाते. आधी मात्र विचारून घ्या, आर्टेरियल हवाय का? मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या यकृतातल्या गाठी पोर्टल फेजमध्येच सर्वात चांगल्या दिसतात. नुसत्या पाठपुराव्याला सेकंदाला २ मिलीसुद्धा चालेल. ९० मिलीला ४५ सेकंद लागतील, म्हणून पोर्टल ८५ ला घ्या. न्यूरोएंडोक्राइन किंवा किडनीच्या कर्करोगाच्या गाठींना आर्टेरियल लागतोच.

सुरुवातीचे १०-१५ सेकंद कॅन्युलाजवळ बोट ठेवून उभं राहा आणि स्कॅन सुरू व्हायच्या आत बाहेर या. फुगवटा हाताला लागला किंवा रुग्ण ‘दुखतंय’ म्हणाला की लगेच थांबवा. हात उंचावर ठेवा, थंड शेक द्या, किती मिली गेली ते लिहा. फोड, बोटं बधिर होणं, बोटांचा रंग बदलणं, वाढत जाणारी सूज किंवा वेदना यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. पहिल्या तासात ठीक वाटलं म्हणून पत्ता-फोन न घेता घरी सोडू नका.

प्रश्न : वडिलांना हिपॅटायटिस बी आहे, सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली. डायचा सीटी सांगितलाय. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे. उपाशी न्यायचं का, गोळी बंद करायची का?
— वाचक, कोथरूड

उत्तर : क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. त्यावरून वय धरून ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) काढतात. तो ३० च्या वर असेल आणि किडनीला अचानक काही झालेलं नसेल, तर गोळी थांबवण्याची गरज सहसा नसते. ३० च्या खाली असेल तर मुळात डाय द्यायची का, इथपासून डॉक्टर विचार करतील. दिली तर गोळी ४८ तास बंद आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहूनच सुरू. गोळीबाबत शेवटचा शब्द वडिलांच्या डॉक्टरांचा.

लांबलचक उपास आता आवश्यक मानत नाहीत, पण सेंटरने जे तास सांगितले असतील ते पाळा आणि पाणी पाजत राहा. मधुमेह्याला सकाळची वेळ मागून घ्या. पूर्वी डायची ॲलर्जी आली असेल तर फोनवरच सांगा, टेबलावर झोपल्यावर नको. जुने सीटी-एमआरआय असतील तर नुसता रिपोर्ट नको, सीडीही न्या. तपासणीनंतर अर्धा तास तिथेच बसा. तीव्र प्रतिक्रिया आली तर बहुधा याच वेळेत येते, म्हणून कॅन्युलाही तोवर काढू देऊ नका.

थोडक्यात

पोटात पांढरी दिसणारी डाय पाजावी का? — ट्रायफेजिकला नको, साधं पाणी ५०० ते ७५० मिली. (बारामती)

साधा स्कॅन गाळला तर रेडिएशन वाचेल? — वाचेल, आणि यकृतातल्या गळवासाठी तर एकटा पोर्टल फेजही पुरतो. पण टेस (धमनीतून गाठीत केमो सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणं) झालेल्या रुग्णात गाळू नका. त्यात वापरलेलं लिपिओडॉल हे तेल मुळातच पांढरं असतं, त्याखाली गाठ जिवंत आहे की नाही हे साध्या स्कॅनशी ताडल्याशिवाय कळत नाही. (औंध)

फॅटी लिव्हरमध्ये पोर्टल फेजला यकृत ८५ एचयूच आलं, डोस कमी पडला? — साध्या स्कॅनमध्ये ते ३० असेल तर ५५ ने वाढलं, म्हणजे डोस पुरेसा होता. (वानवडी)

स्लाइस किती जाडीच्या पाठवाव्यात? — ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. ५ मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये सेंटिमीटरभराची गाठ अर्धी विरून जाते. (पिंपळे सौदागर)